नाण्यावरचे पाखरू आणि नाण्यावरचा माणूस

सौसर भागातील एका लहानशा देवळात, पोळ्यानंतरच्या एका सायंकाळी, दानपेटी उघडण्याच्या वेळी प्रस्तुत लेखक उपस्थित होता. सतरंजीवर नाण्यांची रास ओतली गेली. चार जाणती माणसे रुपयांचे रुपयांत, दोनांचे दोनांत असे ढीग करीत बसली होती. त्या राशीत हिरवट पडलेला, कडा झिजलेला तांब्याचा एक जाडसर तुकडा निघाला. मोजणाऱ्यांपैकी एकाने तो बोटांत फिरविला आणि 'हा चालत नाही' म्हणून बाजूस टाकला. दुसरा म्हणाला, 'तांब्याच्या भावाने मोडीत जाईल.' लिंबाच्या फोडीने तो किंचित घासून पाहिला तेव्हा एका अंगास 'श्री राजा शिव' या अक्षरांपैकी पहिली दोन-तीन, आणि दुसऱ्या अंगास 'छत्रपति' या शब्दाचा अर्धा भाग दिसू लागला. तो शिवराई पैसा होता. कोणा आजीने, कदाचित तिच्या आजीकडून आलेला, तो देवाच्या पायाशी सोडला असावा.

नाणे चालते की नाही एवढेच आपण पाहतो. त्यावर काय आहे हे क्वचित पाहतो. वस्तुतः राज्ये, धर्मश्रद्धा आणि लोकांची मने यांची इतकी दाट नोंद दुसऱ्या कोणत्याही लहान वस्तूवर सापडणार नाही. त्या दृष्टीने आपल्या नाण्यांवर कोण कोण येऊन बसले, पाखरू केव्हा बसले, माणूस केव्हा बसला, आणि मोठी माणसे तेथे आपला चेहरा का ठेवीत नसत, याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

न्यूझीलंड या दूरच्या देशाने १९९० नंतरच्या दशकात आपल्या नोटांची एक सुबक योजना आखली. नोटेच्या एका बाजूस त्या देशाची थोर व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूस त्याच भूमीत जन्मणारे पाखरू. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांच्या पाठीमागे पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. अणूचे अंतरंग उलगडणाऱ्या रदरफोर्ड यांच्या पाठीमागे पिवळ्या डोक्याचा एक चिमुकला रानपक्षी. स्त्रियांना मताधिकार मिळवून देणाऱ्या केट शेपर्ड यांच्या पाठीमागे निळसर रानबदक. माणूस आणि पाखरू ही दोन्ही एकाच मातीची लेकरे आहेत, असे जणू ती नोट सांगते. ही कल्पना कोणासही आवडावी अशीच आहे. पण ती नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. राजा आणि मोर यांना एकाच सुवर्णमुद्रेवर आणण्याचे काम आपल्या देशात सोळाशे वर्षांपूर्वी झाले आहे. आणि त्या राजाचे नाते थेट पांढुर्ण्यापर्यंत पोहोचते.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके आज मध्य प्रदेशात मोडतात. २०२३ मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. तोपर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. १९५६ पूर्वी या भागाचा राज्यकारभार नागपुराहून चाले. घरात मराठी, शेतात कापूस आणि संत्री, श्रावण अमावास्येस पोळा, आणि संकटकाळी जामसावळीच्या मारुतीचे पाय, असा येथील लोकांचा जीवनक्रम आहे. या पांढुर्ण्यास एक ताम्रपट मिळाला, आणि तो इतिहासात 'पांढुर्णा ताम्रपट' या नावानेच ओळखला जातो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी तो लिहिला गेला. वाकाटकांचे सारे लेख एकत्र करून त्यांचे संपादन करण्याचे महत्कार्य महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात हा पटही आहे. मिराशी मूळचे कोकणातील, देवगडाकडील कुवळे गावचे. कोकणात जन्मलेल्या पंडिताने नागपुरास विद्यादान करीत असता पांढुर्ण्याच्या तांब्यावरील अक्षरे जगापुढे मांडावी, हा योग मराठी व कोंकणी वाचकांस सारखाच अभिमानास्पद वाटेल.

या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही मगधाच्या गुप्त घराण्यातील लेक, दुसरा चंद्रगुप्त म्हणजे विक्रमादित्य याची कन्या. पती रुद्रसेन अकाली निवर्तल्यावर मुले लहान असल्यामुळे तिने स्वतः राज्य सांभाळले. ती परम विष्णुभक्त होती. रामटेकच्या रामगिरिस्वामींच्या चरणांपाशी बसून दिलेले तिचे दानपत्र आजही उपलब्ध आहे. चंद्रगुप्ताच्या मागून मगधाच्या गादीवर बसलेला कुमारगुप्त हा प्रभावतीचा सावत्र भाऊ, म्हणजे पांढुर्णा ताम्रपटाच्या प्रवरसेनाचा मामा.

आता या आजोळच्या नाण्यांकडे पाहू. समुद्रगुप्ताच्या सुवर्णमुद्रेवर राजा उभा आहे आणि त्याच्यासमोर ध्वजाच्या टोकावर गरुड बसला आहे. चंद्रगुप्ताने पश्चिमेकडील क्षत्रपांचे राज्य जिंकले, तेव्हा त्या मुलखातील लोकांच्या सवयीचे चांदीचे नाणे त्याने चालू ठेवले, पण त्याच्या पाठीवर पंख पसरलेला गरुड आणला. प्रजेचा व्यवहार मोडला नाही, आणि राज्य आता विष्णुभक्ताचे आहे हे मात्र शब्दावाचून सांगितले. कुमारगुप्ताने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्याचे नावच कार्तिकेयाचे. त्याच्या एका सुवर्णमुद्रेवर राजा द्राक्षांचा घोस हाती धरून मोरास भरवीत आहे. नाणे उलटले की तोच मोर कार्तिकेयाचे वाहन होऊन समोर येतो. मध्यदेशासाठी पाडलेल्या त्याच्या चांदीच्या नाण्यावर तर पिसारा फुलविलेला मोर एकटाच उभा आहे. एवढ्याशा चांदीवर त्या अज्ञात ठसेकाराने पिसाऱ्याचा डौल उतरविला, याचे कौतुक कोणास वाटणार नाही? हा मोर इतका लोकप्रिय झाला की पुढे हूण तोरमाणाने आणि कनोजच्या मौखरींनीही तोच उचलला. परचक्र घेऊन आलेल्या हूणासही या देशातील मोराशिवाय चालले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मामाची ही चांदीची नाणी वऱ्हाडात अचलपूर येथे सापडली आहेत. भाच्याच्या वाकाटक घराण्याविषयी मात्र दीर्घकाळ असा समज होता की त्यांनी नाणी पाडलीच नाहीत. पुढे काही लहान नाणी त्यांची असावीत असे अभ्यासकांनी दाखविले. तरीही वाकाटकांची खरी स्मृती उरली ती त्यांच्या दानपत्रांत. मामाने सोन्यावर मोर ठेवला आणि भाच्याने तांब्यावर दान लिहिले. दोन्ही धातूच, पण एक हातोहात फिरला, आणि दुसरा जमिनीत निजून राहिला तो शतकांनंतर पांढुर्ण्यास जागा झाला.

येथे एक शंका संभवते. गुप्तांच्या मुद्रेवर राजाही आहे, मग आपल्या राजांना चेहऱ्याचा संकोच होता असे कसे म्हणावे? याचे उत्तर असे की तेथे राजा आहे, पण तो काहीतरी करीत असलेला राजा आहे. तो धनुष्य धरतो, सिंहाशी झुंजतो, वीणा वाजवितो, मोरास भरवितो. नाकडोळे ओळखता यावेत म्हणून तो तेथे नाही. राजधर्म दिसावा म्हणून तो आहे, आणि त्याच्याजवळ त्याच्या देवतेची खूण आहे. ओळखीचा चेहरा नाण्यावर छापण्याची रीत आपल्याकडे यवनांनी व शकांनी आणली. त्या रीतीशी आपल्या लोकांचा पहिला सामना कसा झाला, त्याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा साठा हाती लागला. ती क्षत्रप नहपानाची, त्याच्या मुखवट्याची नाणी होती. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. त्याने नाणी वितळविली नाहीत, लोकांचा पैसा बुडविला नाही. नहपानाच्या चेहऱ्यावर फक्त कमानींच्या टेकडीची आणि उज्जयिनी-चिन्हाची खूण मारली. चेहऱ्यावर चिन्ह चढले! विदर्भात वाशीमकडील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये सापडलेल्या सातवाहनांच्या नाण्यांवरही राजाचा मुखवटा नाही. एका बाजूस हत्ती आणि दुसऱ्या बाजूस तेच उज्जयिनी-चिन्ह आहे. पुढे याच वंशातील काही राजांनी क्षत्रपांच्या धर्तीवर मुखवट्याची चांदीची नाणी पाडली खरी. तथापि ती रीत येथे मुख्य झाली नाही.

त्यानंतरच्या हजार वर्षांत आपल्या नाण्यांचा हाच कल टिकून राहिला. त्रिपुरीच्या गांगेयदेवाने नाण्यावर लक्ष्मी बसविली, आणि उत्तरेतील कित्येक राजांनी तिचेच अनुकरण केले. देवगिरीच्या यादवांचा ध्वज गरुडाचा होता. त्यांच्या सुवर्णमुद्रेवर कमळ उमटे, म्हणून ती 'पद्मटंक' म्हणून प्रसिद्ध झाली. गोव्याच्या कदंबांनी आपल्या सिंहमुद्रेवर, आपणास हा वर श्रीसप्तकोटीश्वराच्या कृपेने लाभला, असे कोरविले. ज्या सप्तकोटीश्वराचे देऊळ परकीयांनी पाडले आणि १६६८ साली नार्वे येथे शिवछत्रपतींनी पुन्हा उभे करविले, तोच हा देव. विजयनगरच्या अच्युतरायाने होनावर गंडभेरुंड, म्हणजे दोन मुखांचे ते अद्भुत पाखरू, चोचीत आणि नखांत हत्ती धरून उडविले. राजे बदलले, राजवंश बदलले, पण नाण्यावरील मानाची जागा देवतेस, तिच्या वाहनास किंवा तिच्या चिन्हास मिळत राहिली.

शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. महाराष्ट्रात ज्याच्या मुखाचे दर्शन घ्यावे असा पुरुष त्या काळी त्यांच्यावाचून दुसरा कोण होता? परंतु त्या नाण्यावर मुख नाही, सिंहासन नाही, तलवारही नाही. आहेत ती नागरी लिपीतील साधी अक्षरे, आणि त्यांच्या आरंभी 'श्री'. चौफेर फारसी अक्षरांची नाणी चालत असता आपल्या लिपीत आपले नाव लिहिणे हेच त्या नाण्याचे तेज होते. ही शिवराई पुढे दोन शतकांहून अधिक काळ बाजारात फिरली. सौसरच्या दानपेटीत ती निघावी यात म्हणूनच नवल नाही.

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य या मुलखावर अठराव्या शतकात आले. त्यांच्या टांकसाळीतील रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचेच नाव चाले. पेशवे, शिंदे आणि होळकर यांचीही रीत तीच. नाण्यावरचे नाव बदलले तर व्यापारी बिचकतो आणि बट्टा वाढतो, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते. तरी त्या फारसी अक्षरांच्या कोपऱ्यात मराठे आपली खूण ठेवून जात. कोठे अंकुश, कोठे त्रिशूळ. अहिल्याबाई होळकरांच्या राज्यातील रुपयावर शिवलिंग आणि बिल्वपत्र आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे आणि घाट बांधणाऱ्या त्या साध्वीने आपल्या रुपयावर शंकराच्या बेलाचे पान मिरविले. स्वतःचे मुख नव्हे.

मग इंग्रज आला. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया काढला आणि त्यावर विलायतेचा राजा चौथा विल्यम याचे मुख छापले. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि जाम नदीकाठच्या शेतकऱ्याच्या हातीही हा 'राणीछाप' येऊन पोहोचला. ज्या राजाराणीला येथील एकाही माणसाने पाहिले नव्हते, त्यांचे मुख आता सारा अर्धा (सारावसुलीचा) रुपया बनून घराघरांत शिरले. आपल्या आजीपणजींनी मात्र या संकटातूनही वाट काढली. त्यांनी राणीछापाची पुतळ्यांसारखी माळ गुंफली, आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्यास हळदकुंकू वाहिले. पूजा राणीची नव्हती. चांदीच्या रूपाने आलेल्या लक्ष्मीची होती.

स्वातंत्र्य आल्यावर नाण्यावर कोणास बसवावे हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. राजाच्या जागी महात्माजी यावेत असा विचार झाला होता; परंतु अखेर सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह निवडले गेले. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर आणि १९५० च्या नाण्यांवर तेच आले. पैशाच्या पाठीवर घोडा, आण्याच्या पाठीवर बैल, रुपयाच्या पाठीवर धान्याची कणसे. पोळ्यास बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या पांढुर्ण्याच्या शेतकऱ्यास आण्यावरचा तो बैल आपल्या गोठ्यातलाच वाटला असेल. एका अर्थी प्रजासत्ताकाने गौतमीपुत्राचेच काम पुन्हा केले: चेहरा काढला आणि चिन्ह ठेवले.

माणसाचे मुख त्यानंतर आले, पण ते सिंहासनावर बसलेल्याचे नव्हे, निवर्तलेल्याचे. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांचे नाणे निघाले. १९६९ मध्ये गांधी-जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटांवर महात्माजी बसलेले आहेत आणि त्यांच्या मागे सेवाग्रामची कुटी आहे. वर्ध्याजवळचे हे सेवाग्राम पांढुर्ण्यापासून काही फार लांब नाही. विदर्भाच्या मातीची ती झोपडी साऱ्या देशाच्या खिशात जाऊन बसली. मोर हा १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी ठरला, आणि त्यानंतरच्या दशकात दहा रुपयांच्या नोटेच्या पाठीवर मोरांची जोडी आली. कुमारगुप्ताचा मोर असा पंधराशे वर्षांनी पुन्हा व्यवहारात फिरू लागला. भाजीवालीच्या कनवटीस लावलेल्या त्या नोटेत एवढा इतिहास होता, हे तेव्हा किती जणांच्या ध्यानी आले असेल?

यानंतरच्या काळात आपल्याकडील थोर पुरुष एकामागून एक नाण्यांवर आले. १९९० मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर एका रुपयावर. १९९९ मध्ये शिवछत्रपती दोन रुपयांवर आणि त्याच वर्षी श्रीज्ञानेश्वर एका रुपयावर. २००२ मध्ये श्रीतुकाराम दोन रुपयांवर. २००७ मध्ये लोकमान्य टिळक पाच रुपयांवर. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त भोपाळ येथे तीनशे रुपयांचे स्मारक-नाणे प्रसिद्ध झाले. ज्यांनी स्वतः कधी नाण्यावर मुख ठेवले नाही, त्या शिवरायांस व अहिल्याबाईंस लोकांच्या राज्याने तेथे आणून बसविले.

येथे भाविक मनास एक प्रश्न बोचल्याशिवाय राहत नाही. ज्ञानदेवांनी आपला ग्रंथ सिद्ध केला तो रामदेवराय यादवाच्या राज्यात. त्या काळी बाजारात पद्मटंक फिरत असतील, पण आळंदीच्या त्या बालयोग्याचा त्यांच्याशी काय संबंध? तुकोबांनी तर सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडून दिले आणि शिवरायांनी पाठविलेला नजराणा परत केला, अशी परंपरेची साक्ष आहे. ज्याने द्रव्य मातीसमान मानले त्याचेच मुख द्रव्यावर छापावे, हा मान की विसंगती? आणि ते नाणे चांगल्या कामाइतकेच वाईट कामासही खर्च होणार, जुगाराच्या फडावरही पडणार, त्याचे काय?

प्रस्तुत लेखकास असे वाटते की ही शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर नाण्याच्या ठशात नाही. ते नाणे हाती घेणाऱ्याच्या दृष्टीत आहे. राजाचे मुख नाण्यावर असते तेव्हा ते म्हणते, 'हे माझे आहे.' संताचे मुख तेथे असते तेव्हा ते धन्यास विचारते, 'हे तुला किती पुरेल?' तुकोबांचे दोन रुपये हाती आल्यावर ज्याला क्षणभर इंद्रायणीचा डोह आठवेल, त्याच्यापुरती ती विसंगती उरत नाही. ज्याला आठवणार नाही, त्याच्या हाती सुवर्णाचा गरुड दिला तरी तो त्याचे वजनच करील. पूर्वजांची चिन्हाची रीत मात्र एका बाबतीत अधिक सुरक्षित होती, हे मान्य केले पाहिजे. मोराचा किंवा बेलपानाचा अपमान कोणी सहसा करीत नाही. माणसाच्या मुखाभोवती मात्र मान, अभिमान आणि वाद उभे राहतात. कोणाचे मुख यावे आणि कोणाचे नाही, या वादात पाखरास ओढता येत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी आपल्या खिशातील नोटेवरच पाहावी. तिच्या पाठीवर एका चौकटीत पंधरा भाषांत तिचे मूल्य लिहिलेले असते. त्यांत कोंकणी आहे आणि मराठीही आहे. दोहोंच्या मध्ये फक्त मलयाळम् येते. राज्यांच्या सीमा कोठेही आखल्या गेल्या असोत, सौसरच्या माणसाची भाषा आणि मडगावच्या माणसाची भाषा त्या एका कागदावर शेजारी शेजारी नांदतात. पांढुर्णे मध्य प्रदेशात आहे म्हणून त्या नोटेवरील मराठी ओळ त्याच्यासाठी पुसट होत नाही.

राहता राहिले आपल्या हातचे कर्तव्य. जुनी नाणी आपल्या देशात सर्वांत अधिक नष्ट होतात ती लुटारूंच्या हातून नव्हेत, तर मोडीच्या तराजूत. घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना नाण्यांचे गाडगे सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे हे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे; आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. अशा साठ्यांतूनच तऱ्हाळ्याचा आणि जोगळटेंभीचा इतिहास उजेडात आला. साठा फुटून चार सोनारांकडे गेला की नाणी उरत नाहीत, नुसता धातू उरतो. देवळांच्या पंचांनी दानपेटीतील जुने नाणे वेगळे काढावे, ते घासूनपुसून लख्ख करू नये, ते कोणत्या वर्षी मिळाले हे वहीत लिहावे, आणि जाणकारास दाखवावे. देवास वाहिलेली वस्तू जपणे हे तर पंचांचे कामच आहे.

त्या सायंकाळी सौसरकडील देवळात पंचांनी हेच केले. शिवराई मोडीत गेली नाही. सभामंडपात शिकवणीस येणारी दोन मुले तेथे उभी होती. त्यांनी ती हातात घेऊन एकेक अक्षर लावले, आणि 'शिव' हा शब्द जुळताच मोठ्याने वाचला. त्या दिवसाच्या जमेत तिची किंमत धरलेली नाही. रकमेच्या खाली, वेगळ्या ओळीत, एवढेच लिहिले आहे: 'तांब्याची शिवराई, नग एक. देवाजवळ ठेवली.'